चौकशी खिडकी

धुळ्याच्या स्टँडवर बावीस वर्षं माझा आवाज राहतो.
साक्री, पिंपळनेर, नवापूर मार्गे सुरतकडे जाणारी गाडी
फलाट क्रमांक सातवर...
चेहरा कुणी पाहत नाही.
पाहिला तर म्हणतात, अरे, या होय?
आवाजावरून वाटलं, चांगल्या उंच असतील.

दोन गाड्यांच्या मधे मी खून वाचते.
ह. द. निकुंभ. गल्ली नंबर चारच्या वाचनालयातून आणलेले,
पाठीला पुठ्ठा शिवलेले,
एकोणसाठाव्या पानावर कुणी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहिलेलं,
खाली दुसऱ्या अक्षरात: हा नाही.

निकुंभांचा आवाज मला पाठ होता.
रात्री लाकडी जिन्यावरून बूट उतरावेत तसा.
'प्रेत थंड पडले होते'
हे वाक्य त्या आवाजात ऐकलं
की मी केबिनची काच ओढून घ्यायची,
मे महिन्यातसुद्धा.

मग मार्चमधल्या एका रविवारी
झिपरूभाऊंनी फळ्यावर लिहिलं: लेखक आपल्या भेटीला.
सतरंजीवर आम्ही अठ्ठावीस. पंखा एक.
मला वाटलं, हे माईक लावायला आलेत.
शिरपूरला जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होतो, म्हणाले.
ह. म्हणजे हिलाल.
आवाज बारीक, जरा नाकातला,
पाहुण्याच्या घरी दुसऱ्यांदा चहा मागावा तसा.
'पाणी'ला 'पानी' म्हणत, थांबत, पुन्हा 'पाणी' म्हणत.
'खून' मात्र एकदम शुद्ध.

मला राग आला. खरंच आला.
इतकी वर्षं मी भीत कुणाला होते?

त्यांनी वही उघडली. नवी कादंबरी, अजून छापायची.
विहिरीत एक माणूस. संशय चौघांवर:
मेव्हणा, कंपाउंडर, भाडेकरू मास्तर,
आणि स्वयंपाकाला येणारी वच्छाबाई.
वच्छाबाईचं नाव आलं की दर वेळी
आवाज किंचित खाली जायचा,
झोपलेल्या पोराचा पाय गोधडीत सारावा तसा.

मी दिवसभर नावंच घेते.
आपलं माणूस ज्या गाडीनं जातं
त्या गावाचं नाव तोंडातून सावकाश निघतं.

मागून एका पोरानं विचारलं, आप्पा, मारं कोनी?
सगळे हसले. तेही.
आते सांगी टाकू का?
मला सांगून झालं होतं.

संध्याकाळची ड्यूटी माझीच. आठ दहाची शिरपूर.
काचेतून दिसले, पिशवीत वही, वर केळी.
बटण दाबलं. नरडाणा मार्गे शिरपूरकडे जाणारी गाडी...
'शिरपूर' म्हणताना माझाच आवाज घसरला.
त्यांनी मान वर केली. भोंग्याकडे बघत राहिले,
पकडलेल्या माणसासारखे,
किंवा पकडणाऱ्या.
मग केळी सांभाळत चढले.

दिवाळीनंतर पुस्तक आलं. वच्छाबाईच.
आश्चर्य वाटायचं राहिलं, तरी रात्री दोनपर्यंत वाचलं.
मग जुनीही एकेक परत काढली.
'प्रेत थंड पडले होते'
हे आता कुणीतरी पायाशी बसून म्हणतं,
अंगावर काहीतरी घाला म्हटल्यासारखं.
इन्स्पेक्टर कारखेले मयताच्या घरात शिरताना
उंबऱ्याबाहेर बूट काढतो.
आधीही काढायचा. छापलेलं होतं.
मला जिन्यावरचे बूट ऐकू येत होते.

भीती वाटते अजून.
मेलेल्याची कमी,
वच्छाबाईच्या कणीक मळणाऱ्या हातांची जास्त,
कुणी बघेल म्हणून.

पुस्तक परत करताना झिपरूभाऊंनी विचारलं,
कितव्या पानावर कळला?
म्हटलं, मार्चमध्ये.
ते पावती फाडत होते, ऐकलं नसावं.
मीही पुन्हा सांगितलं नाही.
साडेसहाची साक्री लागायची होती.