अधिक साडेपाच

मरोळ एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत
टायरवाला आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये
एक हिरवी पाटी होती, तिच्यावर तीन पानं.
मला वाटलं, आंबुशी.
आमच्याकडे न लावता कुंडीत येते ती.
म्हणून थांबले.

खाली लिहिलेलं : ओ'परेरा, आयरिश पब.

साडेनऊ वाजलेले. लॉजवरचं जेवण नऊला संपतं.
हातात लाकडी पेटी,
आत मखमलीवर निजलेली पितळी वजनं.
सांगलीहून येताना बसमध्ये बॅग वर टाकते,
पेटी मांडीवर.
एकटी बाई अशा दारातून आत शिरते तेव्हा
हातातली वस्तू आधी पुढे करत असावी.
मी तरी केली.

काउंटरमागची बाई म्हणाली, "ये गो बाय, बस,"
जणू मलाच उशीर झाला होता.

नाव हर्मिना. मरोळ गावठाणातली.
आयर्लंड तिने पाहिलेलं नाही.
नवरा बोटीवर होता, त्याने पाहिलं, अडीच दिवस,
आणि मरेपर्यंत तेवढंच बोलत राहिला.
'ओ'चे पेंटरने जादा पैसे लावले, ती म्हणाली,
वरच्या टिंबाचे आणखी वेगळे.

काळी बिअर आली. रंग काकवीचा,
वर सायीचा थर. निघाली कडू.
मग स्ट्यू. मटण, बटाटा, गाजर,
आणि पहिल्याच घासाला
टाळूवर काहीतरी आपलं चढलं.
"ह्यात काय?"
"बाटली मसाला," कॅजिटन ग्लास पुसत म्हणाला,
"आयरिश लोकांना सांगू नका."
आयरिश कोणी नव्हतंच.
कोपऱ्यात शिपिंगवाले कुट्टी शब्दकोडं सोडवत होते,
आणि कुरिअरची दोन पोरं
एका बशीतले बोंबील मोजून खात होती.

कुट्टींनी विचारलं, पेटीत काय?
वजनं, म्हटलं. मी काटे तपासते.

सगळे गप्प.
हर्मिनाचा हात पेगच्या मापावर गेला
आणि माप ॲप्रनखाली.
सरकारी नाही हो मी. आणि माझी सुट्टी झालीय.
पण तिच्या मनातून जाईना.
"आता बघच तू," म्हणाली, "नायतर झोप नाय मला."

स्वयंपाकघरातला काटा आणला, पिठाने माखलेला.
कॅजिटनने त्यावर माझं वीसचं ठेवलं, मी दहाचं.
काटा खरा निघाला.
रिकामं माप ठेवून शून्य केला,
माप पाण्याने काठोकाठ भरलं.
तीस यायला हवे होते.
आकडा पस्तीस आणि छत्तीसच्या मध्ये
थरथरत राहिला.
पुन्हा भरलं. पुन्हा तेच.

"एकोणीस वर्षं!" हर्मिना स्टुलावर बसली.
कुट्टी कोड्याच्या कडेला हिशेब मांडू लागले,
पेगमागे साडेपाच, रात्री इतके पेग,
मध्येच पेन्सिल ठेवली :
"बरेचसे माझ्याच पोटात गेलेत."
माप कुठून घेतलं, मी विचारलं.
"त्यानेच आणलं होतं. तिथून."
तेव्हा ट्रेनिंगमधला एक तक्ता आठवला.
तिकडचा पेग साडेपस्तीसचाच असतो.

तिला सांगितलं.
मापाकडे तिने बराच वेळ पाहिलं.
पाटी खोटी, पानं खोटी, स्ट्यू तर बाटलीतला,
आणि सबंध दुकानात खरं
तेवढंच एक निघालं.
"बदलू काय?"
माझ्या पर्समध्ये लाल स्टिकरचं भेंडोळं असतं,
चुकलेल्या मापांना लावायचं.
मी म्हटलं, बिल.

वीसचं वजन कॅजिटनने उघड्या हाताने उचललं होतं.
तसं उचलायचं नसतं. बोट उमटतं,
आणि ठशालाही वजन असतं, मिलिग्रॅमचा काही अंश.
लॉजवर दिव्याखाली धरून पाहिलं.
होता. जरा पिवळट, मसाल्याचा.
लगेच कातड्याने पुसायला हवा.
उद्या पोत्यांचा काटा आहे,
किलोच्या खालचं काही लागत नाही.
पुसेन.
सांगलीला गेल्यावर.