अंधाराचा धाडसी वापर

टिळक रोडच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरचा हॉल.
खाली झेरॉक्स, वर आम्ही.
पहिल्या प्रयोगाला एकोणीस माणसं,
त्यातली सात केतकीच्या माहेरची,
आणि तिसऱ्या रांगेत, कडेला, मांडीवर पिशवी घेऊन
खांबेटे.

दुसऱ्या प्रवेशात फ्यूज उडाला.
फैयाज शिडीवर, तोंडात टॉर्च धरून,
आणि केतकीचं वाक्य कुठेतरी पडलं, सापडेना.
चाचपडत तिनं माझं मनगट पकडलं.
दोन मिनिटं.
कुणी खोकलंसुद्धा नाही.

मंगळवारच्या पुरवणीत, पान सहा,
कुकरच्या जाहिरातीखाली अकरा ओळी:
‘अंधाराचा धाडसी वापर.’
फैयाजच्या नावात दोन चुका.
माझं नावच नाही.

तरी आम्ही कात्रणाचा फोटो गावभर पाठवला.
कधी नव्हे ते फोन आले, तिकिटं आहेत का?
आहेत! म्हणजे काय, आहेतच.

आता दुसऱ्या प्रवेशात फैयाज
घड्याळ बघून मेन स्विच खाली ओढतो.
साठ माणसं श्वास धरून बसतात
अंधार समजल्यासारखी.
केतकी मनात मोजते, सात, आठ, नऊ,
आणि बरोब्बर दहाला माझं मनगट धरते.

काल विंगेत मी म्हटलं,
पहिल्या दिवशी नखं लागली होती तुझी.
ती काजळ पुसत होती.
म्हणाली, खांबेट्यांना परत बोलवू या का?
मग जरा वेळानं,
नको.
त्यांना कळेल.