फेरखटला

सिव्हिल लाइन्सला, खंडपीठाच्या पायऱ्यांवर
मेश्राम वकीलबाई म्हणाल्या,
"सुटला नाही तो. खटला पुन्हा चालेल."

म्हणजे दसरू अजून आतच, वर्धा रोडला.
नऊ वर्षं खोडली नाहीत कुणी,
नुसती बाजूला सारून ठेवली

कारण उलटतपासणीच्या दिवशी
त्याच्या वकिलाची खुर्ची रिकामी होती,
आणि फुलाबाई गोंडीत बोलली ते
शिरस्तेदारानं मराठीत उतरवलं,
अंदाजानं.

आता तिला परत विचारतील :
त्या रात्री टॉर्च कुणाच्या हातात होता?
ती सत्तरीची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
या खेपेला दुभाषी मिळेल म्हणतात.

सुमरत टपरीवर दोन चहा सांगतो.
एक बाईंना.
दुसरा भावाच्या वाट्याचा असल्यासारखा
धरून बसतो,
पार निवेस्तोवर.