पान दोनशे अकरा

पेपर चौथा, शीतयुद्ध, शंभर गुण.
अभ्यास करते मोरजीत, बाबांच्या दुकानात,
जिथं स्कूटर भाड्यानं मिळतात.
पाटी रशियनमध्ये आहे
आणि तिच्यातलं एक अक्षर उलटं रंगवलंय,
हे सात वर्षांनी एका गिऱ्हाइकानं सांगितलं.
बाबा म्हणाले, राहू दे. आता लोक त्यावरूनच ओळखतात.

पहिलं पुस्तक म्हणतं, सुरुवात त्यांनी केली.
दुसरं पुस्तक म्हणतं, सुरुवात त्यांनी केली.
तिसरं जाडजूड. ते म्हणतं, भीती दोघांनाही होती,
ती कितपत खरी होती याचे कागद
अजून कपाटात आहेत, आणि कपाटं
एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत.
मिनेझिस सर म्हणतात, विश्वास तिसऱ्यावर ठेव,
उत्तरात मात्र तिन्ही लिही.

सूचीत गोवा शोधते.
पहिल्यात नाही.
तिसऱ्यात लिहिलंय : पाहा, पोर्तुगाल.
पोर्तुगालला जावं तर, पाहा, अझोर बेटं, लष्करी तळ.
असं एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पाठवत राहतात मला
कागद अपुरे असलेल्या खलाशासारखं.

दुसऱ्यात आहे. पान दोनशे अकरा, तळटीप, दीड ओळ.
डिसेंबर एकसष्ट, न्यूयॉर्क, लांब टेबल.
सात हात एका बाजूला, चार दुसऱ्या,
पण चारातला एक साताहून जड.
ठराव पडला.
ओळ अर्ध्यावर संपते, पुढे बर्लिन.

बाणस्तारीच्या कायतानला विचारायला गेले.
तेव्हा तो बारा वर्षांचा, पोदेराचा मुलगा.
पूल उडवला, तेव्हा धक्क्यानं भट्टीचं छप्पर हललं
आणि वर्षांची काजळी कणकेवर पडली.
मी फोन रेकॉर्डवर ठेवला. विचारलं,
तुम्ही याला मुक्ती म्हणता की आक्रमण?
तो बराच वेळ चष्मा पुसत राहिला.
एक भाऊ लिस्बनला गेला, परत आला नाही.
एक भाऊ झेंडा घेऊन पणजीला गेला, रात्री जेवायला परत.
आईनं दोघांची ताटं मांडली होती.
मग म्हणाला, दुसऱ्या दिवशी काळे पाव
बापायनं गावात फुकट वाटले. ते लिही.

बाबांचं शीतयुद्ध लहानसं होतं :
हातात हात छापलेल्या पिठाच्या पोत्याची चड्डी
आणि वहीला रशियन मासिकाचं गुळगुळीत कव्हर,
ट्रॅक्टरवर हसणारी बाई.
"ढुंगणावर अमेरिका, वहीवर रशिया,
आणि मी चौथी नापास."
यालाच बहुधा अलिप्तता म्हणतात,
पण हे सरांना चालणार नाही.

संध्याकाळी गालिना स्कूटर परत करायला येते.
काय वाचतेस? विचारते, हेल्मेट काढता काढता.
तुमचं युद्ध, मी म्हणते.
ती थांबते.
कुठलं?

मी पुस्तकाचं कव्हर दाखवते. ती मान हलवते,
अच्छा, ते. तेव्हा मी शाळेत होते,
बाकाखाली लपायला शिकवायचे.
पलीकडच्या शॅकमध्ये ओलेक्सीची खाट रिकामी आहे.
दर मोसमात दोघं तिथं बुद्धिबळ मांडायचे,
हरला की तो मोठ्यानं शिव्या द्यायचा
आणि ती त्या दुरुस्त करायची.
तीन मोसम झाले.
ती पेट्रोलचे पैसे मोजून देते, चिल्लरसकट,
आणि पाटीकडे बघून म्हणते,
तुमचं ते अक्षर अजून उलटंच.

परीक्षा सोमवारी.
प्रश्न पहिला : शीतयुद्ध केव्हा संपले? सकारण लिहा.
मला सन पाठ आहेत. तीन पुस्तकांचे तीन.

दिवा ओढून घेते.
पान दोनशे अकराच्या समासात पेन्सिलीनं लिहिते :
बाणस्तारी. काजळी. दोन ताटं.
पुस्तक ग्रंथालयाचं आहे.
दंड होईल.