निन्न सरदी

हुबळीचा एजंट एक खोकं ठेवून गेला.
"खपलं तर पैसे द्या, नाहीतर परत नेतो की."
छत्तीस पाकिटं, एकेकात सात पत्ते,
खेळाचं नाव 'नऊ वनं', नुकताच निघालेला.
दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात
आठवडाभर ती खोडरबरांच्या शेजारी पडून होती.

आमच्या घरात पत्ते येत नसत.
बाबांनी चिंचलीच्या जत्रेत तीन पानीवर
नवी सायकल घालवली, रायबागपर्यंत चालत आले.
तेव्हापासून आई लग्नपत्रिकासुद्धा
पालथी ठेवू देत नसे.

तरी एक पाकीट फोडलं.
विकतोय ते कळायला नको?
शेकरू, धुकं, दोनदा बांबू
आणि एक गवा,
कणकुंबीच्या वाटेवर माझ्या स्कूटरपुढं
उभा राहिला होता तसाच,
रस्ता बापाचा असल्यासारखा.
नियमांचा कागद कन्नडात आणि इंग्रजीत.
कन्नड मला बसच्या पाटीपुरतं येतं,
इंग्रजी अर्ज भरण्यापुरतं.

शिकवायला बसला विरूपाक्ष, आठवीतला,
प्रोजेक्टची चित्रं काढून घ्यायला यायचा तो.
पत्ता टाकला की म्हणायचा, "निन्न सरदी."
मी म्हटलं, "सर्दी नाही रे, टोनरच्या धुळीनं शिंका येतात."
हसून हसून काउंटरवर आडवा झाला.
सरदी म्हणजे पाळी. तुझी पाळी, काका.
पन्नास वर्षं या गावात,
आणि माझी पाळी आली हे कसं सांगतात
तेच ठाऊक नव्हतं.

मग गेट पडलं की डाव,
उघडलं की गिऱ्हाईक.
पत्त्यांना आधारकार्डाच्या खोळी घातल्या.
पॉलिटेक्निकची तरन्नुम बाइंडिंगला आली
आणि उभ्या उभ्या मला हरवून गेली.
"शेकरूवर गवा कशाला घालवायलाय?
धुकं राखून ठेवायचं असतं."
सुमतीचा फोन : "जेवायला येताय, की वनातच मुक्काम?"

सोनेरी धनेश अख्ख्या खोक्यात एकच, विरूपाक्ष म्हणाला.
त्या रात्री अर्धं शटर ओढून
कुरियरच्या काट्यावर मी एकेक पाकीट ठेवलं.
चौदा. चौदा. चौदा.
चौदा पॉइंट चार.
ते खणात टाकलं, पावतीबुकांच्या खाली.

सकाळी विरूपाक्षानं वीस रुपयांची चिल्लर मोजली,
पाकीट कानाशी नेऊन हलवलं, फोडलं.
बांबू, बांबू, परत बांबू.
"असू दे काका. उद्या."
तीन दिवस तो उद्या म्हणाला.
जत्रेत बाबांसमोर बसून पत्ते पिसणारा माणूस
मी कधी पाहिला नव्हता.
तिसऱ्या दिवशी काउंटरच्या काचेत दिसला,
चष्मा माझाच होता.

खण उघडला. पाकीट खोक्यात कुठंतरी खुपसलं,
डोळे मिटून खोकं हलवलं,
काट्यावर जुन्या वह्यांचा गठ्ठा ठेवून दिला.
आता मलाही माहीत नाही.

गेट पडायलंय.
लोंढ्याकडची गाडी अजून दिसत नाही.
विरूपाक्ष आलाय, मुठीत चिल्लर,
आधी डाव, मग पाकीट म्हणतोय.
माझ्या हातात दोन बांबू, एक शेकरू
आणि पहिल्या पाकिटातलं ते धुकं.
"काका, निन्न सरदी."
थांब की रे.
विचार करायलोय.