दाराशी ठेवलेला दगड

मुहर्रकच्या गल्लीत दुकानाचं दार वाऱ्यानं आपटतं
म्हणून जासिमनं त्याला एक दगड लावलाय.
लांबट, वरच्या टोकाला भोक,
भोकाच्या कडेला दोरानं घासलेली खाच.
पहिलं वर्षभर मी तो पायानंच सरकवायचो.

माझं काम आतल्या अंगाला, गोड्या पाण्याच्या टबाशी.
पाणबुड्यांची जाकिटं येतात,
मी ती फुगवतो, बुडवतो,
आणि बुडबुडा कुठून सुटतो ते बघत बसतो.
बटणं व्हिनेगरमध्ये भिजवतो, मीठ निघतं.
नखाएवढ्या रबरी कड्यांना ग्रीस लावतो,
बाळाला काजळ लावावं तितकंच.

मागच्या भिंतीवर जुना माल टांगलाय.
पहिल्या खुंटीला नारिंगी गळपट्टा,
बैलाच्या मानेवर जू यावं तसा डोक्यातून घालायचा;
फुगला की हनुवटी आभाळाकडे.
त्यात म्हणे पाण्याखाली तोंडानं फुंकायचे,
म्हणजे श्वास घ्यायच्या वेळी श्वास द्यायचा.
मग जाकीट आलं, फुंकणी गेली, बटण आलं.
मग खिसे, खिशांना चेन, शिशाची वेगळी थैली,
खांद्याला गादी, कमरेला गादी,
हवा सोडायच्या चार दोऱ्या,
त्यातली नेमकी कुठली ओढायची
ते घाबरलेल्या माणसाला कधीच आठवत नाही.
दरवर्षी एक बक्कल वाढलं
आणि माझ्या टबात एक बुडबुडा.

देवबागच्या शाळेत कोळंबकर गुरुजींनी
बादलीत असोला नारळ सोडून उत्प्लावक बल शिकवलं होतं.
"दाबा रे," म्हणाले. आम्ही दाबला.
तो सगळ्यांच्या नाकावर पाणी उडवून वर आला.
इथलं पाणी आपल्याहून खारट, माणसाला अजूनच ढकलतं.
नवा कोणी आला की मी दोन किलो शिसं जास्तच बांधतो.

मार्चमध्ये एक खांबेटे आले, तेल कंपनीतले.
दोन टॉर्च, तीन सुऱ्या, शिट्टी, लिहायची पाटी,
बोहारणीच्या टोपलीसारखे वाजत निघाले.
पाण्यात वर गेले, खाली गेले, परत वर,
बटणाशी भांडत अर्धी टाकी संपवली.
आल्यावर विचारलं, "अजून काय घ्यायला हवं?"
म्हटलं, "काढायला हवं."

त्यांना दिली पाठीशी एक पोलादी पाटी,
एकच अखंड पट्टा,
मागे मेदूवड्याच्या आकाराची हवेची पिशवी.
पाटीच जड, तेवढं शिसं कमी.
बिघडायला त्यात फारसं काही नाही.
जासिम वहीतून मान वर न करता म्हणाला,
"कुबल, सगळ्यांना हेच दिलंस तर तुला काय काम उरणार?"

त्याच संध्याकाळी त्यानं दगडाचं सांगितलं.
तो त्याच्या आजोबांच्या पायातला, मोत्यांच्या नावेवरचा.
नाकाला चिमटा, गळ्यात टोपली, पायाला दगड,
आणि सोडायचं स्वतःला.
तळ लागला की पाय काढायचा.
दगड वर जायचा, माणूस खाली राहायचा.
"आणि वर यायला?"
मी बहुतेक बटणच शोधत होतो.
जासिमनं दोन्ही मुठी पुढे केल्या
आणि हवेत दोर ओढला.

वर एक माणूस असायचा, नावेच्या काठाशी.
खालून झटका आला की ओढायचं, एवढंच त्याचं काम.
आजोबांच्या दोरावर नासिर होता.
नासिरला शिंका यायला लागल्या
की आजोबांना झोप लागत नसे.

गेल्या शुक्रवारी मीही उतरलो, सहा मीटर.
पाटी, पट्टा, पिशवी.
श्वास घेतला की वीतभर वर,
सोडला की वीतभर खाली,
मध्ये एक जागा असते, तिथं काहीच करावं लागत नाही.
बावीस वर्षांत आखातात मला ती दुसरीकडे सापडलेली नाही.
तरी एकदा हात आपोआप डोक्यावर गेला,
चाचपडला,
परत आला.

शनिवारी दुकान उघडताना दगड वाकून उचलला,
शिशाच्या काट्यावर ठेवला.
पाच किलो दोनशे.
मला वाटलं होतं जास्त भरेल.