उलटा

वेंडेल ओस्ट्रँडरला मी सहा वर्षं
बहुतेक उलटाच पाहिला,
वाकून, माझ्याच दोन पायांमधून:
वर गवत, खाली आभाळ,
मधे त्याचे पुढे केलेले हात,
कुणाचं तान्हं मूल घ्यायला यावेत तसे.

मी सेंटर. चेंडू मागे द्यायचा
आणि समोरचं तीनशे पौंडांचं धूड अंगावर घ्यायचं,
एवढंच माझं काम.
मागे काय झालं ते
लोकांच्या ओरडण्यावरून कळायचं.

उत्तर डकोटातला तो, बीटाच्या शेतांकडचा.
शाळेचा संघ नऊ पोरांचा,
कारण अकरा जमतच नसत.
सातव्या फेरीत निवड झाल्याचा फोन आला
तेव्हा म्हणे ट्रॅक्टरखाली आडवा होता,
म्हणाला, थांबा, हात पुसतो.
हे तो सांगायचा तेव्हा दर वेळी
ट्रॅक्टरचा रंग बदलायचा.

तीन वर्षं बाकावर.
ईरी सरोवरावरचा वारा खात
दुसऱ्याच्या चुका कागदावर टिपत.
मग एका डिसेंबरात पहिल्याचा गुडघा गेला
आणि हा आमच्या घोळक्यात आला.
दहा जण तोंडाकडे बघतोय, आता हा काय बोलतो.
म्हणाला, "बोटं गारठलीत रे,
पहिला जरा हळू दे."

आम्ही हरलो त्या दिवशी. पण हसत हरलो.

पुढचे दोन हंगाम त्याचे.
कोपऱ्यावरच्या हॉटेलात त्याच्या नावाचं सँडविच निघालं,
सॉसेज आणि बीटाचं लोणचं.
तिसऱ्या वर्षी एका रविवारी
त्याचे चार चेंडू समोरच्यांनी झेलले,
आणि सोमवारी फळ्यावर
खडूचा नुसता पांढरट डाग.

खांद्याचं मला सांगायचं नव्हतं.
मी डावीकडे झुकलो, तो माणूस उजवीकडून गेला.
मागे आवाज असा काही झाला नाही.
साठ हजार माणसं गप्प झाली, इतकी,
की कुठेतरी वेफर्सची पिशवी चुरगळलेली ऐकू आली.
डावीकडे का गेलास, असं वेंडेलनं
कधी विचारलं नाही.
विचारायला हवं होतं.

मग ह्यूस्टन. मग टॅम्पा, सात आठवडे.
मग सरहद्दीपलीकडे विनिपेग,
तिथे मैदान दहा यार्डांनी लांब
आणि प्रयत्न एकानं कमी.
"माझ्या वयाला हे गणित परवडत नाही,"
त्यानं कार्डावर लिहिलं होतं, डाव्या हातानं.

आता हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर असतो,
रात्रपाळीला.
गेल्या ऑक्टोबरात गेलो होतो भेटायला.
दिव्याखाली बीटांचा डोंगर, धूर, मळीचा वास,
दोघांनाही बोलायला फारसं नाही.
मी एक बीट उचललं,
गुडघे कुरकुरले तरी वाकलो,
आणि पायांमधून पाहिलं:
वर चिखल, खाली तारे,
मधे ते हात. लगेच. न सांगता.

दिलं.

आयुष्यात पहिल्यांदाच अंगावर कुणी येत नव्हतं,
म्हणून वळून बघितलं, कसा फेकतो.
हात कानाच्या वर जातच नाही त्याचा.
त्यानं ते खालूनच ढिगावर टाकलं,
लहान मुलाकडे टाकावं तसं.

मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.
तो वजन लिहायला आत गेला.